नवं पिल्लू आलंय आणि घरात कुणालाच झोप नाही

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, नवरा-बायको आणि सासूबाई. दहा दिवसांपूर्वी रेस्क्यूचं काम करणाऱ्या एका ताईंकडून साधारण नऊ आठवड्यांची देशी पिल्लू दत्तक आणली, नाव चिंगी. पहिली लस झाली आहे. ती रात्री रडते, दिवसभर चावते, कागद अंथरलेला सोडून घरभर शू करते. पत्र लिहिणाऱ्या ताई घरून काम करतात आणि काम होत नाहीये. काल सासूबाईंच्या घोट्याला दात लागून थोडं रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्या लसी होईपर्यंत खाली न्यायचं नाही. आणि शेवटी एक ओळ: ‘आमचं चुकलं का? परत द्यावी का?’

आधी सासूबाईंच्या घोट्याचं बघा, बाकीचं सगळं नंतर. एवढंसं पिल्लू, त्याला कुठला रेबीज, असं पुष्कळ घरांत म्हटलं जातं आणि ते साफ चूक आहे. रस्त्यावर जन्मलेलं, रेबीजची लस न झालेलं पिल्लू चावून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं, ते डॉक्टर जखम बघून ठरवतील. कालचा दिवस गेला असला तरी आज जा. उशीर झाला म्हणून लस घेण्यात अर्थ नाही असं नसतं. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. सासूबाईंच्या पिढीच्या मनात पोटातली चौदा इंजेक्शनं घट्ट बसलेली असतात आणि त्या धास्तीने माणसं जखम लपवतात. त्यांना सांगा, तो प्रकार केव्हाच बंद झाला, आता लस दंडात देतात. चिंगीची स्वतःची रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाले की. तोवर घरात कुणाचीही कातडी फुटली तर हाच नियम.

आता चिंगी. तुमच्या पत्रात ती काय काय करते ते सगळं आहे, पण ती झोपते कधी हे कुठेच नाही. मी पिल्लांबरोबर काम करते त्या बहुतेक घरांत खरी अडचण इथेच असते. नऊ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून १८ ते २० तास झोप लागते. हो, रात्रीची धरून, पण तरीही दिवसाचा मोठा भाग झोपेचाच. आणि आपल्या घरांत ते होत नाही. बेल वाजते, कुकरच्या शिट्ट्या होतात, कामवाल्या मावशी येतात, शेजारची मुलं ‘पिल्लू बघायला’ येतात, कुणी उठून आत गेलं की पिल्लू डोळे किलकिले करत त्यांच्या मागे. दमलेलं पिल्लू मोठ्या कुत्र्यासारखं कोपऱ्यात जाऊन पडत नाही. ते जास्त पळतं, जास्त चावतं, हाक मारली तरी कान देत नाही. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान कानात वारं शिरलेल्या वासरासारखी ती सोफ्यावरून उड्या मारत असेल आणि हात लावला की कडकडून चावत असेल, तर त्या वेळी ‘तिची एनर्जी जिरवायला’ अजून खेळवू नका. तिला झोपवा.

कसं झोपवायचं, ते सांगते. घरातला एक कोपरा कुंपण घालून तिचा करा. प्ले-पेन मिळाला तर उत्तम, नाहीतर लहान मुलांसाठी दाराला लावतात तसलं गेट लावून अर्धा पॅसेज अडवा. आत एक खोका आडवा टाकून त्यात जुनी चादर, बाजूला पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला शूची जागा. जागेपणी पाऊण तास ते एक तास: शी-शू, खाणं, थोडा खेळ, थोडं कुरवाळणं. मग आत, आणि दीड-दोन तास झोप. सुरुवातीला आत टाकलं की कुरकुर करेल. तिथे तुम्ही लॅपटॉप घेऊन शेजारी बसा. एका ताटलीला पातळ दही फासून फ्रीजरमध्ये ठेवलेलं असेल तर ते चाटायला द्या. चाटणं आणि चघळणं यांनी पिल्लं शांत होतात. पाच-दहा मिनिटांत डोळे मिटायला लागतील. पेनवर एका बाजूने ओढणी टाकून थोडा अंधार करा, पण वारा अडवू नका, पावसाळ्यातली ठाण्याची दमट हवा तुम्हाला सांगायला नको. झोपलेल्या पिल्लाला कुणीही उठवायचं नाही. फोटो काढायलासुद्धा नाही.

असं चार-पाच दिवस केलंत की चावण्याचा मोठा भाग आपोआप कमी होईल. उरेल तो वयाचा. दुधाचे २८ दात असतात, चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर तोंडात काहीतरी लागणारच. तुमच्या सासूबाईंचा घोटाच का, याचं कारण साधं आहे: साडीचा काठ चालताना हलतो, आणि हलणारी गोष्ट पकडायची हे पिल्लाच्या रक्तात आहे. त्यात आपण ‘अगं अगं’ करत पाय झटकला की खेळ अजून रंगतो. म्हणून जागच्या जागी थांबायचं, आवाज नाही, आणि हातातली दोरी किंवा गाठ मारलेला जुना सुती पंचा जमिनीवरून फरफटत न्यायचा. तो पंचा ओला करून फ्रीजरमध्ये घट्ट केला तर हिरड्यांनाही बरं वाटतं. घरात तीन ठिकाणी असा एकेक पंचा टांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी सापडत नाही. तिने पकड सोडलीच नाही तर गेटच्या पलीकडे जा, अर्धा मिनिट थांबा, परत या. नाकावर चापट मारणं, तोंड दाबून धरणं, उलटं पाडून दाबून ठेवणं, हे सगळे सल्ले तुम्हाला मिळतील. त्यातून ती हाताला घाबरायला शिकते. देशी कुत्री आठवण पक्की ठेवतात. आज हात बघून दबकणारं पिल्लू वर्षाने त्याच हातावर गुरगुरू शकतं.

रात्रीबद्दल. ‘रडू दे, दोन दिवसांत गप्प होईल’ हा सल्लाही तुम्हाला मिळाला असेल. होतेही गप्प. पण दहा दिवसांपूर्वीपर्यंत ही भावंडांच्या गठ्ठ्यात, कुणाच्या तरी पोटावर डोकं ठेवून झोपत होती. अंधाऱ्या हॉलमध्ये एकटी पडल्यावर ती हाका मारते. तिचा खोका तुमच्या पलंगाला लावून ठेवा, हात खाली सोडला तर तिला लागेल इतक्या अंतरावर. याने ती लाडावते असं मला कधी दिसलेलं नाही; उलट अशी पिल्लं लवकर निर्धास्त होतात आणि मग खोका रोज थोडा थोडा सरकवत हॉलमध्ये नेता येतो. मध्यरात्रीनंतर एकदा ती शूसाठी उठेल. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, शूच्या जागी नेऊन परत खोक्यात. रात्री पाणी काढून घेऊ नका. आणि ही पाळी नवऱ्याने घ्यावी. दिवसभर तुम्ही तिच्याबरोबर आहात, रात्रीही तुम्हीच, असं चाललं तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही आजारी पडाल. पाळ्या लिहून फ्रीजवर लावा.

शूचं गणित वेगळं आहे. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाला कागद म्हणजे काय हे ठाऊक नसतं. तिच्या पंजाला माती माहीत आहे. गुळगुळीत टाइल्सच्या घरात मातीच्या सगळ्यात जवळची गोष्ट कुठली, तर पायपुसणं. म्हणून ती तिथे करते, मुद्दाम नाही करत. पुढचा महिनाभर सगळी पायपुसणी, सतरंज्या उचलून ठेवा. गॅलरीत किंवा बाथरूममध्ये एक उथळ, मोठा ट्रे ठेवा आणि त्यात माती किंवा लॉनचा तुकडा घाला. कित्येक देशी पिल्लं कागदावर महिनाभर चुकतात आणि मातीच्या ट्रेवर आठवड्यात बसतात. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळता खेळता मध्येच वास घेत गोल फिरायला लागली की, आणि एरवीही जागेपणी दर पाऊण तासाने तिला तिथे न्या आणि होईपर्यंत तिथेच उभ्या राहा. ‘कागदावर ठेवली, काही केलं नाही, उतरवली आणि लगेच केलं’ असं तुम्ही लिहिलंय. तिथे तुम्ही मोबाइल बघत असाल आणि ती तुमच्याकडे बघत असेल! शांत उभ्या राहा, तिच्याशी बोलू नका. झाली की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा. हॉलमध्ये येऊन दिला तर तिला वाटतं हॉलमध्ये आल्याचं बक्षीस.

चुकलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर मुळीच नाही. ओरडा खाल्लेलं पिल्लू घरात शू करायची थांबत नाही, तुमच्यासमोर करायची थांबते, आणि मग सोफ्यामागे डबकं सापडतं. नुसत्या फिनेलने पुसून आपल्याला वास येत नाही, तिला येतो. डाग पुसून घेतल्यावर एन्झाइमवाला क्लीनर वापरा. पाहुणा आला की आनंदाने दोन थेंब पडतात तो प्रकार निराळा, तो वयाबरोबर जातो, त्याकडे लक्षच देऊ नका. मात्र दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडी थोडी शू होत असेल किंवा करताना ती कण्हत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. तिथे प्रशिक्षण कामाचं नाही, व्हेटकडे तपासणी लागते.

खाली न्यायचं नाही, या सूचनेचं अर्धं बरोबर आहे. पार्वो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होणारा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलांना चिकटून घरातही येतो, आणि सोसायटीच्या आवारात जिथे बाहेरची कुत्री शी करतात तिथे तिचे पंजे टेकणं आत्ता धोक्याचं आहे. म्हणून चपला दाराबाहेर. लसीचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालू ठेवा आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर पडेल असं डॉक्टरांशी बोलून घ्या. कारण असं की आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. लवकर थांबलेल्या लसीकरणात फट राहते. पावसाळा आहे, उंदीर आहेत, तेव्हा लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लसही विचारा.

पण घरात कोंडून ठेवण्याची दुसरी किंमत आहे. पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. चिंगीचे यातले मोजकेच आठवडे उरलेत. लसी पूर्ण होईपर्यंत थांबलात तर ती खिडकी मिटलेली असेल. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यकांची अमेरिकेतली संघटनाही हेच सांगते: पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, काळजी घेऊन, जग दाखवायला सुरुवात करा. त्यासाठी जमिनीवर ठेवायची गरज नाही. ओढणीची झोळी करा किंवा पुढे लटकवायची पिशवी घ्या आणि रोज दहा मिनिटं गेटपाशी उभ्या राहा. रेनकोट घातलेला माणूस, छत्री उघडणारी बाई, रिक्षा, घंटागाडी, शाळेच्या बसमधली पोरं, हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय. प्रत्येकाने हात लावलाच पाहिजे असं नाही. तिने बघायचं, तोंडात एक तुकडा यायचा, पुढे. ती आक्रसली, जांभया देऊ लागली, तोंड फिरवलं, की घरी. लस झालेला शांत कुत्रा कुणाकडे असेल तर त्यांच्या घरी जा.

आवाजांची सवय आत्तापासून. गणपतीचे ढोल-ताशे आणि मग दिवाळी, दोन्ही ती लहान असतानाच येणार आहेत. मोबाइलवर ढोलाचा, फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून तिला जेवण द्या, काही दिवसांनी किंचित मोठा करा. मिक्सर लावण्याआधी तिला दुसऱ्या टोकाला काहीतरी चघळायला द्या.

खाण्याचं थोडक्यात. दूध-पोळीवर पिल्लू जगतं, वाढत नाही. प्रथिनं कमी पडतात आणि दुधाने अनेकांना जुलाब होतात. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, चांगलं पपी फूड किंवा व्हेटने ठरवून दिलेलं चिकन-अंडं-भात. घरात मांसाहार होत नसेल तर तयार खाणं सोपं पडेल. कॅल्शियमचं सिरप स्वतःच्या मनाने नको. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, मनुका अजिबात नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत, हे सासूबाईंना आवर्जून सांगा, कारण प्रेमाने दिलं जाणारं तेच असतं. आपल्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्याही नाहीत. जंताचं औषध व्हेट सांगेल तसं, साधारण सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. गोचिडांवर वय आणि वजन बघून दिलेलंच औषध; गुरांसाठीचं औषध पातळ करून लावणारे अजूनही भेटतात, त्यांचं ऐकू नका. उलट्या, दुर्गंधीयुक्त पातळ शी, रक्त, खाणं सोडून पडून राहणं, यातलं काहीही दिसलं तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच तासाला दवाखाना. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तरी तेच.

तुम्ही घरून काम करता, म्हणून अजून एक. चिंगीने तुमच्याशिवाय घर कधी पाहिलेलंच नाही. ऑफिसने बोलावलं त्या दिवशी ती दार खरवडेल. आजपासून दिवसातून काही वेळा ती पेनमध्ये गुंतलेली असताना खोलीबाहेर जा आणि ती अस्वस्थ व्हायच्या आत परत या. आधी काही सेकंद, मग मिनिटं. जाताना निरोप नाही, आल्यावर सोहळा नाही.

सासूबाईंना कुत्रं आवडलंच पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांच्या खोलीला आणि देवघराला गेट लावा, तिथे चिंगी कधीच जाणार नाही असा शब्द द्या आणि पाळा. दुपारचं जेवण मात्र त्यांच्या हातून जाऊ द्या, जमत असेल तर. सोसायटीचं कुणी बोललं तर भांडू नका: पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. त्याची प्रत आणि महापालिकेचा परवाना फाइलला असू द्या.

शेजारच्या लॅब्राडॉरशी तुलना सोडा. देशी कुत्रं सावध असतं. लिफ्टचं दार वाजलं की भुंकेल, अनोळखी माणसाला आधी लांबून जोखेल. सहाव्या महिन्यानंतर वर्षभर ती तुमची परीक्षा बघेल, शिकलेलं विसरल्यासारखं करेल. सहा महिन्यांच्या आसपास नसबंदीबद्दल व्हेटशी बोला. दत्तक घेताना सही केलेल्या फॉर्मवर ती अट बहुधा असेलच.

तुमची ती शेवटची ओळ. पिल्लू आणल्यावर रडू येणं, पश्चात्ताप होणं, त्याचा राग येणं आणि त्या रागाची लाज वाटणं, हे इतकं सर्रास आहे की हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये त्यावर मोजपट्टी प्रसिद्ध केली. चिंता, चिडचिड आणि थकवा असे तीन धागे त्यांना त्यात सापडले. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत, आणि झोप झालेली नसताना घेतलेला कुठलाही निर्णय मला भरवशाचा वाटत नाही. चिंगीचा आणि तुमचा झोपेचा दिनक्रम बसवून तीन आठवडे बघा.

त्यानंतरही नकोच वाटलं, किंवा सासूबाईंची तब्येत, घरातली भांडणं यांनी खरंच झेपेनासं झालं, तर परत देण्यात काही पाप नाही. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला दुसरं घर मिळतं. दीड वर्षाच्या, घाबरट झालेल्या कुत्रीला मिळणं फार अवघड. द्यायची तर त्याच रेस्क्यूवाल्या ताईंकडे, आधी फोन करून, लसीच्या कार्डासह. गावाकडच्या शेतावर किंवा इमारतीखाली सोडून देऊ नका, आठवडाभर घरात राहिलेलं पिल्लूही तिथल्या कुत्र्यांच्या टोळीत टिकत नाही. त्या ताईंना तसा आजच फोन करा, परत देण्यासाठी नव्हे: चिंगीच्या भावंडांपैकी कुणी आजारी पडलं का, हे विचारा. पार्वो असेल तर तो एकाच वेताच्या पिल्लांत पाठोपाठ दिसतो, आणि ती बातमी तुमच्या व्हेटला लवकर कळलेली बरी.